जहाजाचा निरोप आणि खलाशाचे देणे

दिल्लीतील रामकृष्णपुरम ही वसाहत सरकारी कचेऱ्यांची आणि सरकारी नोकरांच्या घरांची म्हणून ओळखली जाते. समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरीही भारतीय नौसैनिकाच्या आयुष्याचा उत्तरार्ध पुष्कळदा याच वसाहतीच्या पत्त्यावर येऊन थांबतो. पहिल्या सेक्टरातील पश्चिम खंडाच्या इमारतींपैकी चौथ्या खंडात केंद्रीय सैनिक बोर्डाचे सचिवालय आहे. माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि त्यांची मुले यांच्या साहाय्याचे काम तेथून पाहिले जाते. आठव्या खंडात सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. २००७ च्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या आणि २००९ पासून काम करू लागलेल्या या न्यायपीठापुढे निवृत्तिवेतनाचे आणि अपंगत्वाच्या भरपाईचे दावे चालतात. या दोहोंच्या मध्ये, सातव्या खंडात, केंद्रीय हिंदी निदेशालय आणि १९६१ साली स्थापन झालेला शब्दावली आयोग यांनी वर्षानुवर्षे पारिभाषिक शब्द घडविले. एकीकडे शब्द आणि दोन्ही बाजूंना त्या शब्दांनी ओळखली जाणारी माणसे, असे हे शेजारपण आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी या शेजारपणाकडे पाहावे, असे एक कारण युद्धनौकांच्या निवृत्तीने पुरविले आहे.

युद्धनौकेचा निरोप हा एक देखणा विधी असतो. 'विराट' ही विमानवाहू नौका जुलै २०१६ मध्ये स्वतःच्या यंत्रबळावर मुंबईहून कोचीपर्यंतची शेवटची सफर करून गेली, आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत तिला सेवामुक्त करण्यात आले. मावळत्या सूर्याबरोबर नौदलाचा ध्वज उतरतो, निरोपाची लांब पताका गुंडाळली जाते, पांढऱ्या गणवेशातील नौसैनिक ताठ उभे असतात, आणि किनाऱ्यावरच्या माणसांचे डोळे पाणावतात. इंग्रजी नौदलाच्या परिभाषेत जहाज सेवेतून काढण्याला 'पेइंग ऑफ' म्हणतात; त्या पताकेचे नावही त्यावरूनच पडले आहे. परंतु या शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ जहाजाशी नव्हे, तर त्यावरील माणसांशी निगडित होता. जहाजाची नेमणूक संपली की खलाशांचे थकलेले वेतन चुकते करून त्यांना मोकळे करीत. निरोप म्हणजे माणसाचे देणे फेडणे, असा तो अर्थ. काळाच्या ओघात पताका उरली आणि देणे विसरले गेले, असे म्हणावे लागते.

जहाजाविषयी समाजाला वाटणारी माया खोटी नाही. १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली. पुढे ती २०१२ पर्यंत मुंबईत तरते संग्रहालय म्हणून उभी होती. ती भंगारात काढण्याचे ठरले तेव्हा न्यायालयात दाद मागितली गेली, वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. अखेर मुंबईच्या दारूखान्यात ती तोडण्यात आली. तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल २०१६ मध्ये बाजारात आली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. 'विराट'चे सिंधुदुर्गातील निवतीजवळ संग्रहालय करण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ साली मान्यता दिली होती. ते घडले नाही आणि २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर गेली. तेव्हाही लोक हळहळले. पोलादाच्या तुकड्यासाठी एवढी आस्था दाखविणाऱ्या समाजाला त्या पोलादाच्या पोटात, बॉयलरच्या धगीत उभ्या राहिलेल्या माणसाविषयी काय वाटते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

दीवचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'खुकरी' ही नौका दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नौकेबरोबर जलसमाधी घेणारे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव देशाला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे योग्यच आहे. पुढे तेच नाव धारण केलेली दुसरी 'खुकरी' डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिला दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आले. पहिल्या नौकेने जेथे जलसमाधी घेतली त्या समुद्राकाठी दुसरीला विसावा मिळावा, यात औचित्य आहे. पण लोकस्मृतीत कप्तानाला नाव मिळते आणि १७६ जणांना संख्या मिळते. मराठी मनाचेही तसेच आहे. सरखेल कान्होजी आंग्रे आपल्याला ठाऊक असतात; त्यांच्या गुराबा आणि गलबते ज्यांनी वल्हविली त्यांपैकी एकाचेही नाव सहसा ओठांवर येत नाही.

गणवेशातील नौसैनिकाला लोकांनी कसे वागवावे, याचा एक धडा मुंबईने एकदा दिलेला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेत निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध खलाशांनी संप पुकारला, आणि तो वणव्यासारखा बंदरातील जहाजांवर पसरला. सरकारने त्यांची रसद तोडू पाहिली, तेव्हा शहरातील सामान्य माणसे फळे, पाव, दूध घेऊन गेट वे ऑफ इंडियावर गेली. दुकानदारांनी आणि हॉटेलवाल्यांनी पैसे न घेता जिन्नस दिले. त्या दिवसांत रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत बहुसंख्य नागरिक होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लोक जहाज पाहायला आले नव्हते. ते उपाशी माणसांसाठी आले होते. २३ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला. अनेकांना नोकरीवरून काढण्यात आले, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना मान्यता मिळाली ती फार उशिरा. शहराने चार दिवसांत जे ओळखले, ते ओळखायला राज्ययंत्रणेला दशके लागली.

या विस्मरणात भाषेचा वाटा किती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा आहे. फारसीतील एकच 'लश्कर' हा शब्द मराठीत आला तो 'लष्कर' होऊन मानाने राहिला. इंग्रजीत तो 'लॅस्कर' झाला आणि परदेशी जहाजांवर कमी वेतनात राबणाऱ्या हिंदी खलाशाचे हिणकस नाव बनला. मराठीतील 'खलाशी', 'तांडेल', 'सारंग' हे शब्द श्रमाचा वास घेऊन येतात. 'नौसैनिक' हा शब्द शिस्तीचा आणि संचलनाचा आहे. पहिल्या शब्दांत माणूस दिसतो पण मान नाही. दुसऱ्यात मान आहे पण माणूस दिसत नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील 'कोलंबसाचे गर्वगीत' पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचकांच्या ओठांवर आहे. त्यात कोलंबस समुद्राशी बोलतो, आपल्या सहकाऱ्यांशीही बोलतो. त्या सहकाऱ्यांचे उत्तर मात्र कवितेत नाही. हा कवितेचा दोष नव्हे, कारण ते गर्वगीत एकाचेच आहे. परंतु ते उत्तर दुसऱ्या कोणी लिहावे, याची वाट मराठी वाङ्मय अजून पाहते आहे.

अन्य भाषांत असे घडले आहे. मल्याळममध्ये सैनिकी जीवनावरील कथा-कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रवाहच निर्माण झाला. त्यातील अग्रणी कोविलन यांनी महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीत आणि पुढे भूदलात नोकरी केली होती. बराकीतील माणसाची भूक, कंटाळा आणि घराची ओढ त्यांनी आतून लिहिली. १९४६ चा उठाव मुंबईत पेटला, पण त्यावरील गाजलेले नाटक, उत्पल दत्त यांचे 'कल्लोल', १९६५ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगमंचावर बंगालीत उभे राहिले. ब्रिटिश अमदानीत या नौदलाची भरती दीर्घकाळ रत्नागिरीच्या मुलखातून, विशेषतः तेथील मुसलमान दर्यावर्दी कुटुंबांतून होत असे. ज्या किनाऱ्याने माणसे दिली त्या किनाऱ्याच्या भाषेत त्यांची कथा विरळ असावी, हे शोचनीय आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की जहाज हे त्यावरील माणसांचेच प्रतीक असते, आणि नौदल आपल्या माणसांना विसरत नाही. निरोपाच्या दिवशी जुन्या नौसैनिकांना अगत्याने बोलावले जाते. हे खरे आहे. पण प्रतीकाचा गुण हाच त्याचा धोकाही असतो. जहाजापुढे हात जोडले की माणसाचे देणे फिटले, असे समाजाला वाटू लागते. पंधरा वर्षांची सेवा पुरी करून नौसैनिक पस्तिशीच्या आसपास किनाऱ्यावर येतो, तेव्हा बंदरावरचे टाळ्या वाजविणारे लोक त्याच्या दारी नसतात. तेथे असते ते भाड्याच्या खोलीचे आणि दुसऱ्या नोकरीचे कोडे. २०२२ पासून आलेल्या अग्निवीर योजनेने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त एकचतुर्थांश तरुण कायम होणार. उरलेले ऐन पंचविशीच्या आत एकरकमी निधी घेऊन, पण निवृत्तिवेतनाविना, परतणार. गणवेश उतरल्यावरही त्यांना 'आपला' म्हणणारा समाज आहे काय, याची परीक्षा आता दूर नाही.

२ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या 'विक्रांत'बरोबर नौदलाला नवा ध्वज मिळाला आणि त्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मराठी माणसाला याचा आनंद झाला. त्या आनंदाबरोबर एक कर्तव्यही येते. नौका निवृत्त होते तेव्हा तिची घंटा आणि तिचे बोधचिन्ह जपून ठेवले जाते. त्यांच्याबरोबर तिच्यावर राबलेल्या सर्वांची, अधिकाऱ्यांपासून आचाऱ्यांपर्यंत, नावनिशी सूची ठेवली जावी. त्यांच्या आठवणी त्यांच्या त्यांच्या भाषांत नोंदविल्या जाव्यात. युद्धनौकेच्या खालच्या मजल्यावर मराठी, मल्याळम, तेलुगू, बंगाली, भोजपुरी एकाच ताटात जेवतात. तेथे घडणारी मिश्र बोली हा तौलनिक अभ्यासाचा अस्सल विषय आहे. हे काम सरकारी कचेरीचे नव्हे, विद्यापीठांच्या भाषाविभागांचे आहे, आणि त्याला विलंब परवडणारा नाही, कारण १९७१ चे नौसैनिक आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चौथ्या तारखेला नौदल दिन येतो, सातव्या तारखेला ध्वजदिन आणि नवव्या तारखेला 'खुकरी'ची स्मृती. १९४९ पासून ध्वजदिनी छातीवर छोटी पताका लावून माजी सैनिकांसाठी निधी जमविला जातो, आणि त्यातून निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्धांना जे साहाय्य मिळते त्याचा कारभार रामकृष्णपुरमातील त्या चौथ्या खंडातून चालतो. जहाजावरच्या लांब पताकेपेक्षा ही छोटी पताका निरोपाच्या मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. तिच्यात देणे चुकते करण्याची आठवण आहे. त्या देण्यातील पैशाचा भाग राज्ययंत्रणेने फेडावयाचा आहे. शब्दांचा भाग मात्र लेखकांकडे आणि अभ्यासकांकडे थकलेला आहे.