दारातली गाडी आणि वहीतला हिशेब

रविवारी सकाळी आमच्याकडे कुणी ना कुणी कागद घेऊन येतो. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला फंडाचा हिशेब समजावून हवा असतो. अलीकडे निम्मे लोक एकच प्रश्न विचारतात. "साहेब, जुनी अल्टो मिळतेय, दोन लाखांत. घेऊ का?"

विचारणारा चाकणला कंत्राटावर असतो, नाहीतर भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपात. घरात आजारी आई असते. तिला रात्री-अपरात्री चव्हाण रुग्णालयात न्यायचे तर रिक्षा मिळत नाही. चार माणसे मोटारसायकलवर बसत नाहीत. म्हणजे हा हट्ट नाही, गरज आहे. म्हणून आम्ही "घेऊ नका" असे कधी सांगत नाही. "आधी वही काढा", एवढेच सांगतो.

आपला हा पट्टाच गाड्यांचा आहे. 1998 साली आलेली इंडिका इथल्याच पिंपरीच्या कारखान्यात जन्मली. चाकणला पोलो तयार होत होती, तळेगावला शेव्हरोलेची स्पार्क आणि बीट. कितीतरी गाड्या आपल्याच माणसांच्या हातांखालून गेल्या. दारात मात्र फार थोड्यांच्या लागल्या. आता जुन्या बाजारामुळे त्या आवाक्यात आल्या आहेत. पण स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्तात चालतेच असे नाही.

आता हिशेब करू. महिन्याला 600 किलोमीटर धरा. हजार सीसीच्या आतली जुनी पेट्रोल गाडी नाशिक रस्त्याच्या कोंडीत, मोशी ते चाकण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेली, तर लिटरला 16 च्या वर ॲव्हरेज धरू नका. पेट्रोल 105 रुपये धरले तर झाले सुमारे 3,940. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता जून 2022 मध्ये 2,094 रुपये ठरला. वर कर धरून महिन्याला 210. वर्षातून दोन सर्व्हिसिंग, महिन्याला 670. टायर आणि बॅटरी कधीतरी जाणारच, त्यांचे 350. आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी 1,000 बाजूला. बेरीज 6,170 रुपये. दीड लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी 14 टक्क्यांनी काढले असेल तर हप्ता 5,100 च्या वर. म्हणजे महिना सव्वाअकरा हजार! आपण फक्त हप्ता मोजतो आणि तिथेच फसतो.

यावर उपाय आहे. कामाला कंपनीच्या बसने किंवा मोटारसायकलने जावे, मोटार घरच्यांसाठी ठेवावी. महिन्याला 200 किलोमीटरच चालली तर पेट्रोल 1,310 रुपयांत भागते. पण दोन-चार दिवसांनी एकदा तरी चालवावी, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

कोणती घ्यावी? जिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि जी कुठलाही मेस्त्री उघडू शकतो, ती. मारुती 800 चे उत्पादन 2014 साली बंद झाले, अल्टो 800 चे 2023 साली. तरी दोन्हींचे कारागीर गल्लोगल्ली आहेत. या दोन्हींच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो केव्हा बदलला हे विचारा; कागद नसेल तर आधी तो बदला. के-टेन इंजिनात त्याजागी साखळी असते. शेव्हरोलेने 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली. तळेगावची गाडी आपल्या माणसांनी बनवली याचा अभिमान आहेच, पण घेण्याआधी भाग मिळतात का, हे मेस्त्रीला विचारावे. आणखी एक. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडे घटते, रबरी नळ्या लवकर कडक होऊ शकतात. त्या वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. पायाखालची मॅट उचलून गंज आणि चिखल बघा. पवना-मुळेच्या काठी पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते, आतून कुजते. मेस्त्री आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचे कागद. इथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. 2016 साली एका दलालाकडून आम्ही जुनी गाडी घेतली. इंजिन पाहिले, टायर पाहिले, आरसी बुकावरची कर्जाची नोंद मात्र पाहिली नाही. आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेले नव्हते. दाखल्यासाठी सात महिने खेटे घातले. बी.कॉम. शिकलेल्या कारकुनाची ही गत! त्या वर्षी मुलीच्या क्लासची फी उसनी आणावी लागली. घरी कुणी बोलले नाही, पण ते न बोलणेच आम्हाला अजून टोचते.

म्हणून सांगतो. कर्जाची नोंद, थकलेले दंड, चासी नंबर पैसे देण्याआधी तपासा. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी लगेच नावावर करा, विमाही करा. विकणाऱ्यालाही याची तितकीच गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की अपघाताची भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, गाडी त्याने केव्हाच विकली असली तरी. आणि पंधरा वर्षांची गाडी घेताना नोंदणी नूतनीकरणाचे पैसे धरा. एप्रिल 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये पडतात, वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. पर्यावरण कर वेगळाच.

वाचकहो, दारात गाडी उभी राहिली की शेजारी म्हणतात, माणूस वर आला. तसे म्हणू द्यावे, ऐकायला बरे वाटते. पण पोरांच्या फीचा डबा फोडून टाकीत पेट्रोल भरावे लागत असेल, तर त्या गाडीने आपल्याला वर नेले नाही. म्हणून व्यवहाराआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसावे. वही घरच्या बाईच्या हाती द्यावी, कारण खरा खर्च तिलाच ठाऊक असतो. बेरीज जमली तर खुशाल चावी घ्यावी. आणि पहिली फेरी आईला घेऊन मारावी.