एक देह, तीन कागद

केनवडसारख्या गावात आपल्या कुठल्याही घरी जा. खुंटीला औषधांच्या दोन-तीन पिशव्या टांगलेल्या दिसतील. एक साखरेची, एक रक्तदाबाची, एक गुडघेदुखीची. आजारी आई एकच. पण कागद वेगळे, डॉक्टर वेगळे, तारखा वेगळ्या. कधी रिसोडचे ग्रामीण रुग्णालय, कधी वाशिमचे जिल्हा रुग्णालय. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे. सोबत सून किंवा मुलगा, म्हणजे घरातले दोन रोज पडले. सोयाबीनच्या सोंगणीत हे कोणाला परवडणार? मग ‘आता बरं वाटते’ म्हणून गोळी बंद होते आणि एक दिवस अर्धांगवायू होतो.

ज्याला आजार जास्त, त्यालाच दवाखान्याची गरज जास्त. आणि तोच खेपांना कंटाळून घरी बसतो. हा दोष त्या माउलीचा नव्हे. आपली आरोग्यसेवाच एकेका आजारासाठी आखलेली आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह, रक्तदाब आणि मज्जातंतूंचा विकार असे आजार एकत्र जडले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाल्यावर पथ्य आणि औषधे पाहणारे जाणते माणूस घरातच आले. आपल्या घरी डॉक्टर नाही. पण शिकलेली लेक किंवा सून आहे. हे काम तिच्याकडे द्यावे.

सगळे कागद व गोळ्या एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक डॉक्टरला दाखवाव्यात. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्यावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च तीत भागत नाही. मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. तो आपला हक्क आहे. साखर व रक्तदाब एकाच दिवशी तपासावे, महिन्याच्या गोळ्या एकदम द्याव्यात, ही मागणी आपण ग्रामसभेत संघटितपणे मांडू या.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. रविवारच्या वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे काढून, गोळ्या कोणाच्या संपल्या, दवाखान्याची तारीख कोणाची चुकली, एवढे जरी आपण विचारले तरी तो धम्मच होय.

जयभीम!