खुर्द्याची मोजदाद

दिवाळी अंकाच्या पानावर युद्धातल्या हालअपेष्टांचा विषय काढावा की नाही, याचा मी आठ दिवस विचार करीत होतो. चकलीचा तुकडा हातात धरून वाचणाऱ्याच्या तोंडची चव बिघडवू नये, एवढा शिष्टाचार मलाही कळतो. पण खरे म्हणजे विषय मी काढलाच नाही. तो आमच्या अंगणातल्या किल्ल्याने काढला.

मुलांनी यंदाही दगडविटा रचून, वर गोणपाट टाकून आणि चिखल लिंपून झकास किल्ला केला. हळीव उगवून डोंगर हिरवा झाला. सिंहासनावर महाराज बसले, बुरुजावर तोफ चढली, वाटेवाटेने मावळे उभे राहिले. मी कौतुक करायला गेलो, तर पायरीच्या कोपऱ्यात एक मावळा पालथा पडलेला दिसला. उचलून पाहिला. उजवा हात खांद्यापासून तुटला होता.

"याला का रे टाकलास?"

"तो मोडलाय, काका," किल्लेदार म्हणाला. "मोडका किल्ल्यावर चांगला दिसत नाही."

तेवढ्यात शेजारचे सुभेदार आले. १९९९ साली ते कारगिलच्या आघाडीवर होते; आता निवृत्त होऊन सकाळी पिशवी घेऊन मंडईत जातात. मुलांनी त्यांना घेरले. "आजोबा, तुम्ही खरी लढाई केलीत ना? सांगा ना कशी असते!" सुभेदारांनी किल्ल्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, "थंडी फार असते, बाळांनो. आणि मोजे काही केल्या वाळत नाहीत."

संपली गोष्ट! मुले हिरमुसली. कबूल करतो, मीही हिरमुसलो. शाळेत सिंहगडचा पोवाडा म्हणून मी एकदा बक्षीस मिळवले आहे, आणि डफावर थाप पडली की या वयातही माझा हात नसलेल्या मिशीकडे जातो. अशा माणसाला ओल्या मोज्यांची लढाई कशी आवडावी?

पण ते मोजे काही मनातून जाईनात. त्या रात्री मला पानिपतच्या त्या प्रसिद्ध बातमीची आठवण झाली. जानेवारी १७६१ मधल्या त्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती सावकारी पत्राच्या भाषेत. मेलेली माणसे त्यात नाण्यांच्या रूपाने मांडली होती. मोती दोन, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरांचाही आकडा दिलेला होता. रुपये आणि खुर्दा यांची मात्र गणती नव्हती. शाळेत गुरुजी हे सांगत तेव्हा आमचे डोळे त्या दोन मोत्यांसाठी भरून येत. खुर्द्यासाठी ते एकदाही भरून आल्याचे मला आठवत नाही. वास्तविक, त्या खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्याची वाट पाहत एकेक घर जागे होते.

सावकाराला खुर्दा मोजायला सवड नसते, आणि इतिहासकारालाही क्वचितच मिळते. ते काम कवीचे आहे, असे माझे मत झाले आहे. आणि ते कसे करायचे असते, हे मला एका इंग्रज तरुणाच्या कवितेने शिकवले. त्याचे नाव विल्फ्रेड ओवेन.

ओवेन १८९३ सालचा. १९१५ च्या ऑक्टोबरात तो सैन्यात शिरला आणि १९१७ च्या आरंभी मँचेस्टर रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट म्हणून फ्रान्समधल्या खंदकांत उतरला. आदल्याच वर्षी, १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक मेले होते. वाचकहो, हा आकडा वाचून तुम्हांला काय झाले? प्रामाणिकपणे सांगा. काही झाले नाही. मलाही झाले नाही. आकडा जसजसा वाढतो तसतसा माणूस लहान होत जातो.

त्या युद्धाच्या आरंभीची इंग्रजी कविता माझ्या पोवाड्याच्याच जातीची होती. रूपर्ट ब्रूकची सुनीते तेव्हा घरोघर वाचली गेली. त्यांत देशासाठी मरणे स्वच्छ, सुंदर आणि पवित्र होते. ब्रूक खोटे लिहीत होता असे नाही. खंदकांतला हिवाळा त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. गॅलिपोलीच्या वाटेवर असतानाच, १९१५ च्या एप्रिलात, रक्तात विष भिनून तो वारला.

ओवेनच्या वाट्याला तो हिवाळा आला. १९१७ च्या जानेवारीतच, दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या जमिनीतल्या एका तळघरात आपल्या लोकांसह त्याला पन्नास तास काढावे लागले. आत पाणी चढत होते आणि वर तोफगोळे पडत होते. जिन्याच्या मध्यावर उभा केलेला पहारेकरी स्फोटाने जिन्यावरून खाली फेकला गेला आणि आंधळा झाला. या प्रसंगावर ओवेनने पुढे 'द सेंट्री' ही कविता लिहिली. तीत तो पोरगा रडत सांगतो की आपले डोळे गेले. अधिकारी त्याच्या पापण्यांशी मेणबत्ती धरतो आणि धीर देतो की ज्योत पुसटशी जरी दिसली तरी डोळे शाबूत आहेत, हळूहळू बरे होतील. ज्योत दिसत नाही. मग अधिकाऱ्याला दुसरा पहारेकरी नेमायचा असतो, आणखी चार कामे असतात. त्या गडबडीत तो पोराला विसरून जातो. बऱ्याच वेळाने अंधारातून त्या पोराचा आवाज येतो की त्याला दिवे दिसताहेत. आणि दिवे तर केव्हाच विझलेले असतात.

कविता इथे थांबते. तीत देशाचे नाव नाही, शत्रूला शिवी नाही. दुःख मोजायला कवीने एक मेणबत्ती तेवढी घेतली आहे. आणि आणखी एक गोष्ट पाहा: पोराला विसरणारा तो अधिकारी स्वतः कवीच आहे. त्याने स्वतःलाही सूट दिलेली नाही. त्या एका आंधळ्या पोराने मला जे केले, ते १९,२४० जणांना जमले नव्हते.

थंडीवरही त्याची एक कविता आहे, 'एक्स्पोजर'. बर्फात उताणे-पालथे पडून राहिलेले शिपाई, वारा, न उजाडणारी पहाट. लढाई अशी होतच नाही. त्याच हिवाळ्यात आपल्या तुकडीतला एक जण नुसत्या थंडीने गोठून मेल्याचे त्याने आईला कळवले होते. ही कविता पूर्वी वाचताना मी मनात म्हणत असे, "मग पुढे काय?" आता सुभेदारांचे मोजे आठवतात. पुढे काय नसणे हाच त्या कवितेचा विषय आहे, हे मला त्या मोज्यांनी समजावले.

एप्रिलात शेजारी फुटलेल्या गोळ्याने ओवेन उडाला. वरून धड दिसत होता, पण मनाने ढासळला होता. त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात पाठवले. तिथे त्याला सीगफ्रिड ससून भेटला. शौर्याचे पदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने युद्ध विनाकारण लांबवले जात आहे असा जाहीर निषेध केला, म्हणून सरकारने त्याला वेड्यात काढून त्याच इस्पितळात ठेवले होते. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर रिव्हर्स म्हणजे आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे विद्वान. जग किती लहान असते पाहा! ससूनने ओवेनच्या कवितांवर पेन्सिल चालवली. विषारी वायूच्या हल्ल्यावरची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ही प्रसिद्ध कविता याच मुक्कामातली. तिच्या एका खर्ड्यावर ओवेनने जेसी पोप या कवयित्रीचे नाव घातले होते. ही बाई घरी बसून पोरांना भरतीसाठी चेव आणणारी गाणी लिहीत असे. ती कविता वाचताना मला माझे ते बक्षीस आठवते आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

बरा झाल्यावर ओवेनला इंग्लंडातच राहता आले असते. तो १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला. का गेला ते त्याने आईला लिहिले आहे. या पोरांना मदत करायला आपण आलो. एक तर त्यांचे नेतृत्व करून, आणि दुसरे म्हणजे त्यांचे हाल डोळ्यांनी पाहून, वकिलाने बाजू मांडावी तसे ते पुढे मांडता यावेत म्हणून, असा त्या पत्राचा आशय आहे. वकील हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याचे बोलणे मोज्यांपाशीच थांबते, त्याच्या वतीने उभे राहायचे.

४ नोव्हेंबर १९१८ रोजी, साम्ब्र-वाझ कालवा ओलांडताना, पंचविसाव्या वर्षी तो मारला गेला. बरोबर सात दिवसांनी युद्ध संपले. त्या दिवशी गावातल्या घंटा वाजत असतानाच त्याच्या घरी तार पोचली. हयातीत त्याच्या जेमतेम चार-पाच कविता छापल्या गेल्या होत्या. संग्रह निघाला तो १९२० साली, ससूनच्या हातून. त्याच वर्षी ओवेनच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने त्यांच्या 'गीतांजली'तले शब्द म्हटले होते, आणि परत आलेल्या त्याच्या टिपणवहीत ते त्याच्या हस्ताक्षरात सापडले होते, असे तिने कळवले.

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. १९३६ साली येट्स या थोर कवीने आधुनिक इंग्रजी कवितांचा मोठा संग्रह संपादित केला, आणि त्यातून ओवेनला वगळले. त्याचे म्हणणे असे की नुसते निमूटपणे सोसणे हा काव्याचा विषयच नव्हे. म्हणजे आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत, उत्साह हा स्थायीभाव नाही, तर वीररस कुठला? आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण आपल्याकडे आदिकवीची कथा काय सांगते? निषादाच्या बाणाने एक क्रौंच पक्षी पडला, जोडीदारीण आक्रंदू लागली, आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला. तो पक्षी कोणता पराक्रम करून पडला होता? रामाचा पराक्रम नंतर आला. पहिला श्लोक आला तो सोसणाऱ्यासाठी. येट्सला उपनिषदांची मोठी गोडी होती म्हणतात. हे क्रौंचाचे पान त्याने उलटले नसावे.

आणि आमचा खुर्दा? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४,००० परत आली नाहीत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात होता. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जवळजवळ पाच महिने उपाशी कोंडल्या गेल्या. खायला घोड्याचे मांस आणि ते खावे की धर्म राखावा हा पेच! २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि मग वाळवंटातून कैदेकडे चालणे. त्या वाटेवर आणि त्या कैदेत किती तरी गेले.

त्यांच्यात ओवेन नव्हता. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. फ्रान्समधले हिंदी शिपाई दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेत, आणि ती सरकारी तपासनीस वाचत. म्हणून काही जण सांकेतिक लिहीत: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. कोणती किती संपली, हे घरच्यांनी ओळखायचे. पानिपतावर माणसाची नाणी झाली होती, फ्रान्समध्ये मिरी झाली. बसऱ्याला तर १९२९ साली त्याचा नुसता आकडा झाला. मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांवर लोकांचे तिथे स्मारक आहे. गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीच्या खाली 'आणि इतर शिपाई अमुक इतके' एवढाच हिशेब. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने माफी मागितली ती २०२१ च्या एप्रिलात. शंभर वर्षांनी!

म्हणून मला वाटते, ओवेनसारख्यांची कविता म्हणजे युद्धाविरुद्धचे व्याख्यान नव्हे, आणि शौर्याचा उपहासही नव्हे. ओवेन स्वतः पदक मिळवलेला शूर होता. ती खुर्द्याची मोजदाद आहे. एक नाणे उचलायचे, पुसायचे, त्यावरचा चेहरा दिसेपर्यंत दिव्याशी धरायचे आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. पोवाडा मी अजूनही म्हणेन. पण म्हणून झाल्यावर सुभेदारांना त्यांच्या मोज्यांबद्दल आणखी दोन प्रश्न विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसेन.

असो. काल सकाळी पुन्हा किल्ल्याकडे गेलो. मोडका मावळा दरवाजाशी टेकून बसवलेला होता. अंगाभोवती चिंधी गुंडाळलेली.

"हा इथे कसा?"

"सुभेदार आजोबांनी ठेवला. म्हणाले, पहारा बसूनही करता येतो. चिंधी मी बांधली, थंडी आहे ना." मग किल्लेदाराने जरा विचार करून मला विचारले, "काका, बाकीच्यांना नावं आहेत. ह्याचं काय ठेवायचं?"