खोपोलीला रेल्वे पुण्याच्या आधी आली, मग मेन लाईन बाजूनं का गेली? तिसऱ्या-चौथ्या लाईनच्या वेळी मावळनं लक्षात ठेवण्यासारखा हिशोब

लोणावळा : पुणे ते लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या रेल्वे लाईनला राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मान्यता दिली. बरीच वर्षं कागदावर फिरणारा विषय त्यामुळे पुन्हा वर आलाय. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातल्या लोकांसमोर आता दोन प्रश्न आहेत. जमीन कुणाची जाणार, हा पहिला. आणि लाईन झाल्यावर गाडी आपल्या स्टेशनावर थांबणार का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर सगळेच बोलतात. दुसऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही. तो किती महत्त्वाचा आहे हे बघायला लांब जायची गरज नाही. भुशी-खंडाळ्याच्या डोंगरावरून खाली उतरलं की खोपोली लागते. रेल्वेची लाईन कुठून जाते, एवढ्या एका निर्णयानं गावाचं काय होतं, ते खोपोलीच्या स्टेशनात आजही दिसतं.

पुण्याच्या आधी खोपोली

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. त्यानंतर जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ ला थेट खोपोलीपर्यंत आली. इंग्रजांच्या कागदात खोपोलीचं नाव 'कॅम्पूली' असं सापडतं. पुण्याला रेल्वे मिळाली ती १४ जून १८५८ ला, खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला तेव्हा. म्हणजे खोपोलीची रेल्वे पुण्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली.

पण मधे बोरघाट होता. खाली खोपोलीपर्यंत रूळ, वर खंडाळ्यापासून पुढे रूळ आणि मधल्या डोंगरात काहीच नाही. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचा. घाटातून गाड्यांचा रस्ता १८३० पासूनच होता, त्यामुळे हे जमून गेलं. जवळजवळ पाच वर्षं असाच प्रवास चालला.

त्या पाच वर्षांत खोपोली हे मुंबई-पुणे रस्त्यावरचं मोठं ठिकाण होतं. इथे गाडी संपायची, माल उतरायचा, हमाल, भोई, गाडीवान यांना काम मिळायचं. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आधीपासूनच तिथे होतं, कारण घाट चढण्याआधीचा मुक्काम पूर्वीपासून खोपोलीलाच पडायचा. रेल्वेनं सुरुवातीला तो मुक्काम आणखी मोठा केला.

मग लाईन बाजूला का गेली?

२१ एप्रिल १८६३ ला बोरघाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि चित्र बदललं. नवी लाईन खोपोलीतून वर चढली नाही. ती अलीकडे पळसदरीपासूनच डोंगराच्या कडेनं वर गेली. खोपोलीचं स्टेशन फाट्यावर राहिलं.

यात खोपोलीवर कुणाचा राग नव्हता. हिशोबच तसा होता. घाटाच्या तळापासून माथ्यापर्यंत लाईनला १,८३१ फूट म्हणजे सुमारे ५५८ मीटर चढायचं होतं. मोटार वळणं घेत झटपट चढते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे रेल्वेला चढ सौम्य लागतो. बोरघाटात सगळ्यात कडक चढ ठेवला तो ३७ फुटांना एक फूट. सगळा घाट याच चढानं चढायचा म्हटला तरी ५५८ मीटरसाठी २० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी लागते. खोपोलीवरून खंडाळा समोर दिसतो, सरळ अंतर जेमतेम काही किलोमीटर. तेवढ्या जागेत रेल्वे वर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी चढ लांबून, पळसदरीकडून सुरू केला. तयार झाला तो सुमारे २५ किलोमीटरचा घाटमार्ग, त्यात २५ बोगदे आणि ८ मोठे पूल.

या कामाची किंमत माणसांनी मोजली. एका वेळी ४० हजारांच्या वर मजूर घाटात होते. कॉलरा, ताप, दरडी आणि सुरुंग यांत हजारो मेले. पहिल्या ठेकेदारानं काम अर्ध्यात सोडलं. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका चालवला आणि व्यवस्थापकांच्या मदतीनं काम पुरं केलं. ठेकेदारांची नावं नोंदीत राहिली. मजुरांची राहिली नाहीत.

इंजिनाची तहान आणि भुशीचं पाणी

घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, आणि ते भरपूर लागायचं. लोणावळ्याला रेल्वेचा मोठा कारभार वसला तसं पाणी जवळ हवं झालं. भुशीचं धरण त्यासाठी आलं. जीआयपी रेल्वेनं इंद्रायणीच्या वरच्या अंगाला बांध घातला तो इंजिनांसाठी. पायऱ्यांवरून पाणी वाहताना बघायला लोक पुढे येतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल.

१९२९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. घाटातली लाईन विजेवर आली. आणि जिथे गाडीला दिशा बदलून उलटं जावं लागायचं, ते रिव्हर्सिंग स्टेशन नव्या बोगद्यांमुळे बंद झालं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावायला लागली. घाटात वाफेचं इंजिन मागे पडलं, तशी भुशीच्या पाण्याची मूळ गरजही मागे पडली. धरण मात्र रेल्वेचंच राहिलं.

याचा त्रास आजही होतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदी आली, टपऱ्या हटल्या, फलक लागले. पण धरण रेल्वेचं, वरचं जंगल वनखात्याचं आणि गर्दी लोणावळा शहराची, अशी विभागणी असली की कठडा कुणी बांधायचा आणि माणूस कुणी उभा करायचा, हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्यानं उभा राहतो. जे काम ज्या गरजेसाठी केलं ती गरज संपली, पण मालकी तशीच राहिली, की असंच होतं.

खोपोली जगली ती वेगळ्या कारणानं

मेन लाईन गेल्यावर खोपोली ओस पडायला हवी होती. पडली नाही, कारण डोंगरावरचं पाणी खाली आलं. लोणावळा, वळवणच्या तलावांचं पाणी पाईपातून खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज तयार केली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे खोपोलीत कारखाने आले, कामगार आले. त्यामुळे फाट्यावरची लाईन टिकली.

आज कर्जतपासून सुमारे १५ किलोमीटरच्या या लाईनवर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली ही स्टेशनं आहेत. कामाला जाणारे, कॉलेजची पोरं, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका यांना लोकलचाच आधार आहे. पण लाईन एकेरी. एकेरी लाईनवर समोरासमोरच्या गाड्या क्रॉसिंगच्या जागेशिवाय एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, म्हणून गाड्या हव्या तेवढ्या वाढवता येत नाहीत. एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. पनवेल-कर्जत ही नवी उपनगरी लाईन आखली तीसुद्धा चिखले, मोहोपे, चौक करत कर्जतला जाते. खोपोली पुन्हा बाजूलाच.

राज्यात इतर ठिकाणी काय झालं?

छोट्या लाईनी आणि छोटी स्टेशनं यांचं पुढे काय होतं, याची दोन टोकाची उदाहरणं राज्यात आहेत.

विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला'. कापूस वाहून न्यायला आलेली नॅरोगेज गाडी, मालकी खासगी इंग्रजी कंपनीची. रूळ कुणाचे आणि खर्च कुणी करायचा, यातच वर्षं गेली. गाडी बंद पडली आणि गरीब माणसाचा स्वस्त प्रवास गेला.

दुसरं उदाहरण बार्शी लाईट रेल्वेचं. १८९७ मध्ये सुरू झालेली ही छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली आणि नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. जुनी लाईन उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव शहर सोडून जायची. ब्रॉडगेज करताना आखणी बदलली आणि लाईन शहराला लागून आली. नकाशा पक्का व्हायच्या आधी मागणी झाली तर लाईन वळू शकते, हे यातून दिसतं. रूळ पडल्यावर ते होत नाही.

मावळसाठी याचा अर्थ काय?

पुणे-लोणावळा हे अंतर सुमारे ६४ किलोमीटर. या मार्गावर १९७८ पासून लोकल आहे. पण रूळ दोनच. त्यांवरूनच मेल-एक्सप्रेस, मालगाडी आणि लोकल धावतात. एक्सप्रेस आली की लोकल बाजूला थांबते. दुपारच्या वेळेत गाड्यांमध्ये मोठी खोट पडते, ही तक्रार जुनी आहे. जादा दोन लाईनींमुळे लोकलला स्वतःचा रस्ता मिळू शकतो.

'मिळू शकतो' असंच म्हणावं लागेल. नव्या लाईनींवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याच वाढवल्या, तर जमीन मावळची आणि वेग दुसऱ्यांचा, असं होईल. कार्ला-भाजे लेणी आणि लोहगडासाठी मळवली, नाणे आणि पवन मावळासाठी कामशेत ही स्टेशनं म्हणजे आजूबाजूच्या कित्येक गावांचा दरवाजा आहे. तो दरवाजा रुंद होणार की तसाच राहणार, हे आराखड्यात ठरतं. म्हणून गावांनी आत्ताच काही गोष्टी विचारून घ्यायला हव्यात :

• नव्या लाईनींचे प्लॅटफॉर्म कोणकोणत्या स्टेशनांवर आहेत? लोकल कोणत्या रुळावरून धावणार?

• लाईन झाल्यावर दुपारच्या लोकल किती वाढणार? आकडा लेखी आहे का?

• जिथे आज रेल्वे फाटक आहे तिथे पूल की भुयारी मार्ग? भुयारी असेल तर पावसाळ्यात पाणी कुठे जाणार? बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ऊसाची ट्रॉली जाईल एवढी उंची आहे का?

• जमिनीचे दोन तुकडे होत असतील तर पलीकडच्या शेतात जायची वाट कोणती?

• धरण, विहिरी, वसाहती अशा रेल्वेच्या जुन्या मालमत्तांची देखभाल आणि सुरक्षा यापुढे कुणाकडे?

जमीन जाणाऱ्यांनी काय करायचं?

रेल्वे कायद्याच्या कलम २०ए खाली संपादनाची अधिसूचना निघाली, तर ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मुदत गेली की मग नेत्यांच्या मागे फिरून उपयोग नसतो. मोबदल्यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याची पहिली अनुसूची लागते. त्यात जमिनीच्या मोबदल्याएवढीच, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम धरलेली आहे. घर, विहीर, पाईपलाईन आणि झाडं यांची किंमत वेगळी लावायची असते, म्हणून मोजणीच्या दिवशी मालक जागेवर हवा आणि पंचनाम्यात प्रत्येक झाड यायला हवं.

मावळात घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. आजोबांचं नाव अजून तसंच, वारस नोंद नाही, भावांची वाटणी तोंडी, पोटहिस्सा मोजलेला नाही. अशा जमिनीचे पैसे वाद मिटेपर्यंत अडकतात. फेरफार आणि वारस नोंद करायला अधिसूचनेची वाट बघायची गरज नाही. तलाठ्याकडे हे काम आजच सुरू करता येतं.

गाडीचा थांबा, पूल आणि वाट हे सगळ्या गावाचे विषय आहेत, त्यामुळे त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा गावांचे सारखे ठराव जास्त वजनदार ठरतात. ते रेल्वेच्या पुणे विभागाकडे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि खासदार-आमदारांकडे एकाच वेळी जायला हवेत.

१८५६ ला खोपोलीकरांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. आज कायद्यानं ३० दिवस दिलेत आणि ग्रामसभेला ठरावाचा अधिकार आहे. आराखडा पक्का व्हायच्या आधी त्याचा वापर झाला, तर मळवली-कामशेतची स्टेशनं नव्या लाईनवरही स्टेशनं म्हणून राहतील. नाहीतर गाड्या वाढतील, पण त्या इथे थांबतीलच असं नाही.