ओंडका आमच्या खांद्यावर, ट्रॅक्टर कोणाचा?

2023 च्या मार्च महिन्यात बल्लारपूरहून सागवानाची शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी जाणाऱ्या लाकडाचे पूजन झाले, ढोलताशे वाजले, फुले उधळली गेली. नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेल्याचे वर्तमानपत्रांनी अभिमानाने छापले. आलापल्लीकडचा साग उत्तम आहे, यात वाद नाही. आमचा प्रश्न साधा आहे. झाड जिथे पडले तिथून रस्त्यापर्यंत ते लाकूड कोणी आणले? शोभायात्रा सुरू होते ती डेपोपासून. डेपोच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर कोणत्याच बातमीत येत नाहीत, आणि आमची माणसे नेमकी तिथेच असतात.

ज्यांनी कूप पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पावसाळा सरला, जमीन कोरडी झाली की कटाई सुरू होते. झाड पाडायचे, फांद्या छाटायच्या, मापाचे ओंडके करायचे, त्यावर नंबर आणि हातोड्याचा शिक्का पडतो. मग ते ओंडके ट्रक उभा राहू शकेल अशा जागेपर्यंत आणायचे. हे शेवटचे काम सर्वांत जड, सर्वांत धोक्याचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे. तीस सेंटिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा सागाचा ओंडका सुकल्यावरही सव्वाशे ते दीडशे किलो भरतो. ओला असेल तर त्याहून जड. तो दोराने बांधून, बल्लीत अडकवून चार-सहा जण खांद्यावर घेतात. एकाचा पाय नाल्यातल्या दगडावरून घसरला तर बाकीच्यांच्या पाठीवर काय येते, हे वेगळे सांगायला नको.

(जाता जाता एक गंमत. सागाखेरीज उरलेल्या बहुतेक झाडांना जंगलखात्याच्या भाषेत 'आडजात' म्हणतात. या देशात लाकूडसुद्धा जातीतून सुटले नाही.)

कूपावर एक दिवस उभे राहून पाहावे. कुऱ्हाड कोणाच्या हातात, खांदा कोणाचा, ट्रॅक्टरच्या सीटवर कोण, हाजरीपट कोण लिहितो, मोजमापाची वही कोणाकडे. मग त्यांची आडनावे विचारावीत. 1936 साली बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक दाखवला, तो आम्ही एम.ए.च्या वर्गात पाठ केला होता. समजला तो कूपावर.

गडचिरोलीच्या जंगलात पूर्वी ओंडके ओढायला हत्ती होते. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामाची आठवण आहे. आज तिथले हत्ती लाकूड ओढत नाहीत, पण दरवर्षी हिवाळ्यात त्यांना काही दिवसांची सुट्टी मिळते, पायांना औषधी लेप लावून शेक दिला जातो, आणि त्याच्या बातम्या फोटोसह येतात. 2022 मध्ये इथले हत्ती गुजरातला हलवण्याची गोष्ट निघाली तेव्हा जिल्ह्यातल्या लोकांनी विरोध केला, आणि तो योग्यच होता. हत्तीच्या सुट्टीला आमची हरकत नाही. पण त्याच जंगलात हत्तीचे काम खांद्यावर करणाऱ्या माणसाच्या पायाला कोणी लेप लावल्याची बातमी आम्ही अजून वाचलेली नाही.

आमच्या ओळखीच्या एका वस्तीतल्या मुलाचा पाय दोन वर्षांपूर्वी घरंगळलेल्या ओंडक्याखाली सापडला. घोट्याची दोन हाडे गेली. आम्ही कंत्राटदाराकडे गेलो तेव्हा त्याने हाजरीपट उघडून दाखवला. त्यात मुलाचे नावच नव्हते, त्याच्या जागी मुकादमाच्या भाच्याचे नाव होते. झाड तोडणे आणि ओंडके काढणे हे काम 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले होते. कायदा होता, जखम होती, फक्त मजूर कागदावर नव्हता. मुंबईच्या बाजारातल्या हमालाला 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ दिले, नोंदणी दिली. तो कायदा लढून मिळवला गेला. जंगलातला माणूसही माथ्यावरच वाहतो, पण कूपातल्या एकाही मजुराच्या खिशात तसले कार्ड आम्ही पाहिलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्याच काही पुरोगामी मित्रांना जंगलात ट्रॅक्टर म्हटले की अंगावर काटा येतो. त्यांना मोळी घेऊन चालणारी बाई 'निसर्गाशी एकरूप' वाटते. त्यांचा दोष एकट्यांचा नाही, सरकारी नियमांतही हाच विचार बसलेला होता. वनहक्क कायदा 2006 चा. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 रोजी आले, आणि त्यांत गौण वनोपजाच्या वाहतुकीची साधने कोणती लिहिली होती? डोक्यावरचे ओझे, सायकल आणि हातगाडी. बैलगाडीचेसुद्धा नाव नव्हते. म्हणजे हक्क दिला, पण तो तुमच्या मानेला पेलेल तेवढाच. व्यापाऱ्याने ट्रक आणायचा आणि जंगलाच्या मालकाने चुंबळ ठेवायची! सप्टेंबर 2012 मध्ये नियम बदलले तेव्हा कुठे 'योग्य वाहतूक साधन' असे शब्द आले, वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीकडे आला आणि गौण वनोपजावर कसलेही शुल्क नाही हे स्पष्ट झाले. चार वर्षे कायद्याच्या पुस्तकात आमचे डोके हेच वाहन होते.

बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात या विचाराचा समाचार घेतला आहे. यंत्राला शिव्या देणारे तत्त्वज्ञान ज्याला कष्ट करावे लागत नाहीत त्याला परवडते, कष्टकऱ्याला परवडत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. माणसाला जनावराच्या जिण्यातून बाहेर काढायचे तर त्याला फुरसत हवी, आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही. यंत्राचा फायदा मूठभरांकडे जात असेल तर यंत्र मोडायचे नाही, समाजाची रचना बदलायची. आमच्या तरुणांनी हे प्रकरण ट्रॅक्टर समोर ठेवून वाचावे. ट्रॅक्टर आला म्हणून खांदा मोकळा झाला, एवढ्यावर थांबलो तर फसू. कूपावर ट्रॅक्टर आलेलाच आहे. तो कंत्राटदाराचा आहे. चार माणसांचे काम त्याने घेतले, आणि त्या चारांतल्या दोघांना आता साखळी लावण्याचे काम आहे, तेही हाजरीपटाबाहेर. यंत्र तेच, फायदा पुन्हा त्याच वाड्यात.

मग करायचे काय? समाजकल्याण विभागाची एक योजना आपल्याला नावाने माहीत आहे, वापराने नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, त्यासोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान, म्हणजे गटाचा वाटा 35 हजार. गटात किमान 80 टक्के सदस्य आपले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही आपलेच. ही भीक नाही. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतीसाठी बैल, अवजारे, बी-बियाणे राज्याने पुरवावे अशी मागणी लिहून ठेवली आहे. पण प्रत्यक्षात काय होते? गट कागदावर आपला, सही आपल्या आईची, आणि ट्रॅक्टर कोणाच्या तरी अंगणात. कारण योजना आखणाऱ्याने धरून चालले की ट्रॅक्टर म्हणजे शेत. ज्याच्याकडे नांगरायला जमीनच नाही त्याने रोटाव्हेटर कुठे फिरवायचा? दादासाहेब गायकवाडांनी 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. तोवर ट्रॅक्टर अंगणात गंजू द्यायचा का?

जंगलालगतच्या वस्त्यांत त्याला काम आहे. सागाचा ओंडका आजही सरकारचा आहे, कारण इमारती लाकूड गौण वनोपजाच्या व्याख्येत बसत नाही. पण बांबू बसतो. मेंढा-लेखाने 2011 च्या एप्रिलमध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हातात घेतले आणि गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. बांबू निघतो, विकला जातो, पण तो डेपोपर्यंत आणणारे वाहन अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसाचे असते आणि भाड्याचा पैसा गावाबाहेर जातो. ते भाडे वस्तीतल्या गटाला मिळू शकते. गावच्या मालकीच्या शेतातला साग निघतो तेव्हा त्याच्या वाहतुकीचेही तसेच. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने माल वाहू लागला की आरटीओचे नियम वेगळे लागतात, तेवढे आधी विचारून घ्यावे. नाहीतर पहिल्या नाक्यावर सगळी क्रांती थांबते.

आणि छोट्या ट्रॅक्टरकडून अपेक्षाही छोटी ठेवावी. ट्रॉलीभर बांबू तो नेईल, मध्यम ओंडका कोरड्या, सपाट जमिनीवर ओढेल. मोठ्या घेराचा लठ्ठा त्याच्या बसची गोष्ट नाही, आणि इथेच माणसे मरतात. साखळी मागच्या चाकांच्या आसाच्या खाली, खालच्या हूकलाच लागली पाहिजे. ती वर बांधली आणि ओंडका बुंध्यात अडकला, तर मागची चाके जागेवर रुततात आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटतो. डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे होते, उडी मारायला वेळ नसतो. ओंडक्याचे पुढचे टोक थोडे उचललेले असावे, नाहीतर ते जमिनीत घुसते. उतारावर ओंडक्याच्या खालच्या अंगाला कोणी उभे राहू नये. ताणलेल्या साखळीच्या रेषेत तर नाहीच. आणि मडगार्डवर मित्राला बसवून फिरणे बंद करा, चालकाच्या डोक्यावर लोखंडी कमान बसवून घ्या. ओढायची वाट एकच ठेवावी, नाल्यातून नेऊ नये. पावसाळ्यात त्या चरांतून माती वाहून जाते आणि मग जंगलखात्याला बोट दाखवायला आयते कारण मिळते.

आता तो नेहमीचा आक्षेप. 'जंगल हा आदिवासींचा प्रश्न, आपण शहरातले, संविधानाचे बोला.' चंद्रपूरला 16 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षा घेतलेली माणसे कुठून आली होती? त्यांतली कितीतरी जंगलाच्या कडेच्या गावांतून चालत आली होती. वनहक्क कायद्याने आपल्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' या रकान्यात टाकले आणि 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागितला. 1930 च्या आधीचा कागद! ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्यांच्याकडे. गावचा कोतवाल बहुधा आपलाच आजा असायचा. साऱ्या गावाच्या जन्म-मृत्यूची नोंद त्याच्या पायपिटीने ठाण्यात पोचली, आणि त्याच्याच नातवाचा दावा पुराव्याअभावी फेटाळला जातो. नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात, हे दावे भरणाऱ्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. म्हातारी माणसे आहेत तोवर ते लिहून घ्या.

पण सामूहिक वनहक्क हा ग्रामसभेचा असतो, आणि वस्तीतला प्रत्येक प्रौढ ग्रामसभेचा सदस्य आहे. वनहक्क समितीत दोन तृतीयांश जागा आदिवासींच्या असाव्यात हा नियम आम्हाला मान्य आहे, त्यावर कुरकुर करणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. गोंड, माडिया बांधवांशी भाड्यावरून भांडण लावून देणारे उद्या भेटतीलच. म्हणून भाड्याचा दर गटाने ठरवू नये, ग्रामसभेत सर्वांसमोर ठरावा.

बांबूची तोडणी पावसाळ्यानंतर सुरू होते, म्हणून 2 ऑक्टोबरची ग्रामसभा महत्त्वाची. गटाचा अर्ज त्याआधी समाजकल्याण कार्यालयात गेलेला असावा, पोच घेतलेली असावी. ग्रामसभेत ठराव मांडताना एवढे लिहून न्यावे: वाहतुकीचे काम गावातल्या नोंदणीकृत गटाला प्रथम द्यावे, फेरीचा दर ठरवावा, चालक आणि साखळी लावणारे दोघे अशा तिघांचीही नावे रोज हाजरीपटावर चढावीत, आणि हाजरीपट वस्तीतल्या वाचता येणाऱ्या मुलीच्या हातात असावा.