लष्करालाही हवा संपादक

उत्तर दिल्लीच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयाला ज्यांचे नाव मिळाले, ते हिंदूराव घाटगे मूळचे कागलचे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर त्याची टेकडीवरील कोठी हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या उन्हाळ्यात, हिंदूराव हयात नसताना, याच कोठीत मेजर चार्ल्स रीड गुरखा पलटण घेऊन ठाण मांडून बसला होता. त्याची वेढ्यातील पत्रे आणि टिपणे पुढे छापली गेली. टेकडीवरच्या छावणीतला तरुण लेफ्टनंट फ्रेडरिक रॉबर्ट्स पुढे सरसेनापती झाला आणि त्यानेही आठवणी लिहिल्या. तटाच्या आतून लढणाऱ्या शिपायांचे अर्ज आणि दरबारचे हुकूम अभिलेखागारात राहिले. पण लढाई कशी लढली, कोठे चुकली, हे त्यांच्यापैकी कोणी सलगपणे लिहून ठेवल्याचे फारसे आढळत नाही. कोठी मराठी सरदाराची, पण तिच्याभोवतीचे युद्ध आपण वाचतो ते इंग्रजांच्या लेखणीतून.

जेते इतिहास लिहितात, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. इंग्रजांनी लिहिण्याची व्यवस्थाही उभी केली. १८७० मध्ये कर्नल चार्ल्स मॅकग्रेगर याने सिमल्यात युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षापासून तिचे नियतकालिक निघू लागले. स्वातंत्र्यानंतर ही संस्था दिल्लीत आली आणि आज ती राव तुलाराम मार्गावर आहे. कर्नल प्यारा लाल यांनी सुमारे तीन दशके ती सांभाळली. दीडशे वर्षांहून जुनी ही परंपरा आपल्याकडे आयती आली; प्रश्न तिच्यात नवे रक्त घालण्याचा आहे.

हा प्रश्न अमेरिकेलाही पडला. तेथील पायदळ, तोफखाना, चिलखती दल आदी शाखांची नियतकालिके क्षीण होत चालल्याची तक्रार होती. २०२३ मध्ये जनरल रँडी जॉर्ज लष्करप्रमुख झाले, त्याच वर्षी लष्करी लेखनाच्या पुनरुज्जीवनाचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्याला नाव दिले गेले एडविन फॉरेस्ट हार्डिंग यांचे. १९३० च्या दशकात पायदळाच्या नियतकालिकाचे संपादन करणारे हार्डिंग दुसऱ्या महायुद्धात डिव्हिजनचे सेनापती होते. या उपक्रमातून एक शिष्यवृत्ती आखण्यात आली : निवडक सेवारत सैनिकांनी कॅन्सस विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घ्यायचे आणि त्यानंतर आपल्या शाखेच्या नियतकालिकाचे संपादक म्हणून काम करायचे. संपादन हे निवृत्तांच्या विरंगुळ्याचे काम नसून शिकून करण्याची लष्करी जबाबदारी आहे, हे यामागचे गृहीतक महत्त्वाचे.

आपल्याला त्याचे काय? उत्तर एका मराठी सेनापतीच्या अनुभवात आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ मध्ये नेफाच्या संरक्षणासंबंधी सविस्तर टिपण वर पाठवले. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' या नावाचा युद्धसराव घेऊन चिनी आक्रमण झाल्यास काय होईल, याचे चित्रही मांडले. त्या इशाऱ्याची दखल घेतली गेली नाही. १९६२ ने तो खरा ठरवला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आले ते त्या पराभवानंतर.

अर्थात, सीमेवरील मोर्चेबांधणीचा आराखडा कोणत्याही नियतकालिकात छापता येत नाही आणि छापूही नये. परंतु उंच डोंगरावरील युद्ध, थंडीतील रसद, रस्त्याविना पुढे ढकललेल्या चौक्यांची उपयुक्तता हे विषय गोपनीय नव्हते. त्यांवर लष्करात खुली, कसदार चर्चा झडली असती, तर थोरातांचे टिपण इतके एकाकी पडले नसते. राजधानीत नोकरी करणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. फाइलीवरचे टिपण फक्त वर जाते आणि एका टेबलावर थांबू शकते. छापील लेख समकक्षांपर्यंत जातो. त्याला उत्तर येते, प्रत्युत्तर येते. एका वरिष्ठाच्या मर्जीवर त्याचे आयुष्य अवलंबून नसते.

आपल्याकडे अधिकारी लिहितात, पण बहुधा निवृत्तीनंतर. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर मराठीत ग्रंथ लिहिला तो घटनेनंतर अर्धशतकाने. तेव्हाही निवृत्तांची वाट निर्वेध नसते : माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचे आत्मकथन जानेवारी २०२४ मध्ये यायचे होते, ते तपासणीत अडकले. सेवेत असलेल्यांवर तर १९५४ च्या लष्करी नियमावलीतील एकविसाव्या नियमाचे बंधन आहे. राजकीय वा सेवाविषयक मजकूर पूर्वपरवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही.

ही बंधने निरर्थक नाहीत. लष्कर राजकारणापासून दूर राहिले, हे आपल्या लोकशाहीचे मोठे भाग्य आहे. म्हणूनच प्रशिक्षित, गणवेशातील संपादक हवा. गोपनीय काय आणि केवळ गैरसोयीचे काय, यांतील सीमारेषा त्याला ओळखता येईल. लिहिणाऱ्या कॅप्टनला तो सांभाळेल आणि खुशमस्करीचा लेख परत पाठवेल.

साधने हाताशी आहेत. चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९६५ मध्ये, दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था निघाली. तिला आता मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. त्याच वर्षी भारतीय जनसंचार संस्थाही सुरू झाली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे. देवळालीला तोफखान्याचे, अहिल्यानगरला चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दरवर्षी दहा-बारा सेवारत अधिकारी आणि जेसीओ वर्षभर पत्रकारिता शिकले आणि पुढची दोन वर्षे आपल्या शाखेच्या नियतकालिकाचे संपादन करू लागले, तर संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात तो खर्च दिसणारही नाही.

एक अट मात्र हवी. संपादनाची ती वर्षे बढतीच्या वेळी अधिकाऱ्याच्या बाजूने मोजली गेली पाहिजेत. ती अडगळीची नेमणूक ठरली, तर हुशार अधिकारी तिच्याकडे फिरकणार नाही, आणि पुढच्या थोरातांचे टिपणही कुठल्या तरी टेबलावर थांबेल.