ठिणगी की टिकली?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला.

इथे पेन्सिल्वेनियात ऑफिसातल्या एका मित्राने पहिली ठासणीची रायफल घ्यायचं ठरवलं. चार अनुभवी लोकांना विचारलं. चौघांचं एकच म्हणणं, "चकमकीच्या भानगडीत पडू नकोस, केपाची घे. बार हमखास उडतो."

मला हा सल्ला साफ नामंजूर आहे.

आधी नात्यातल्या मंडळींसाठी थोडक्यात. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. प्रश्न उरतो, आतली दारू पेटवायची कशी? चकमकीच्या रायफलीत घोड्याच्या जबड्यात दगड असतो. चाप ओढला की तो पोलादी पात्यावर घासतो, ठिणग्या छोट्या बशीतल्या बारीक दारूवर पडतात (जुन्या मराठीत हिला 'रंजक' म्हणत) आणि तिची आग बाजूच्या भोकातून आत जाते. केपाच्या रायफलीसाठी दिवाळीतली टिकली आठवा. एवढ्याशा तांब्याच्या टोपीत धक्क्याने पेटणारं रसायन, त्यावर घोडा आपटतो. झालं काम!

'हमखास'चा मुद्दा खोटा नाही. १८३४ साली ब्रिटिशांनी वूलिचला दोन्हींची परीक्षा घेतली, प्रत्येकी ६००० बार. केप ३६ वेळा फसली, चकमक ९२२ वेळा. आकडे कुणाचेही डोळे उघडतील असे आहेत.

पण ही परीक्षा सैनिकासाठी होती हो! समोर शत्रू असताना बार फसला तर सैनिक मरतो. रानात बार फसला तर काय होतं? हरीण घरी जातं. आपणही जातो. मग सैनिकाची भीती आपण उसनी का घ्यायची?

कोणी म्हणेल, ही युक्ती मुळात शिकाऱ्याचीच. खरंय. १८०७ साली पेटंट घेणारा अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटिश पाद्री पक्ष्यांची शिकार करायचा, आणि बशीतला भडका पाहून पक्षी उडून जायचे. पण त्याच्याकडे याहून खात्रीचं दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे. हमखास बार हवा असेल तर काडतुसाची रायफल कुठल्याही दुकानात मिळते. ती सोडून ठासणीकडे आलात ते अवघड हवं म्हणूनच ना? मग अर्ध्या वाटेवर का थांबता?

केप परंपरेत बसत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या नावाजलेल्या रायफली बहुतेक केपाच्याच. माझं भांडण 'हमखास'शी आहे. त्या एका शब्दामागे धावतच १९८५ साली टोनी नाइटची इनलाइन रायफल आली, जी तोंडाने ठासणीची आणि वागण्याने आजची. पेन्सिल्वेनियाने १९७४ साली हिवाळ्यातला खास हंगाम सुरू केला तो चकमकवाल्यांसाठी, तो काय उगीच?

एक आक्षेप मात्र मी मानतो. चकमकीत डोळ्यासमोर भडका होतो, माणूस दचकतो, नळी हलते आणि हरीण जखमी होऊन पळतं. ते पाप आहे. फसलेला बार माफ, दचकून झाडलेला नाही. म्हणून माझी अट: आधी कागदावर नेम. दगडाची धार रोज बघायची, भोक मोकळं ठेवायचं, आणि भडका झाल्यावरही गोळी निघेपर्यंत नेम सोडायचा नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही. केप ही शिस्त इतक्या कडकपणे लावत नाही, ती चुका पोटात घालते.

आणि हो, चकमकीला खरी काळी दारूच लागते. तिच्या जागी वापरतात ती पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू बशीत नीट पेटत नाही. ती शोधायची कटकट आहेच. पण २०२० नंतर केपांचा दुष्काळ पडला तेव्हा केपवाले घरी बसले होते, दगडवाले नव्हते!

असो. मित्राने अजून पैसे भरलेले नाहीत. त्याला एवढंच सांगितलंय, की बार उडेल का हे चौघांना विचारलंस, तो उडताना तू स्थिर राहशील का हे स्वतःला विचार.

तुम्हाला काय वाटतं? भांडायला या.

(आई, हरीण यंदाही घरीच गेलं. काळजी नको.)